साडेदहाची नदी

आमच्या ऑफिसात काही टाकून देण्याची पद्धत नव्हती. बिघडलेली चित्रं, रिकाम्या बाटल्या, बंद पडलेला स्लाइड प्रोजेक्टर, सगळं कपाटात. किस्सेही तसेच साठले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. पण आता आम्ही चार जुने लोक जयनगरला कुणाच्या तरी गच्चीवर भेटलो की चहा यायच्या आत एक किस्सा निघतो आणि त्याला धरून दुसरा बाहेर येतो. गंमत म्हणजे एकच किस्सा तिघं तीन तऱ्हांनी सांगतात. त्यामुळे मी कुणाचाच पूर्ण खरा मानत नाही. खाली देतेय ते माझे आहेत, म्हणजे त्यातल्या त्यात विश्वासार्ह.

आधी मंडळी सांगते. बंगळूरच्या एका सरकारी केंद्रात, नव्वदीच्या सुरुवातीच्या वर्षांत, आमचा एक छोटा गट होता. उपग्रहाने काढलेली चित्रं बघून नदीत कुठला कारखाना काय सोडतो ते शोधायचं, हे आमचं काम. गटाचे प्रमुख रंगनाथ सर, इथलेच, कडक सोवळ्याचे. फोटो लॅब गोविंदराव मोहित्यांच्या ताब्यात. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून शिवाजीनगरात. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडमध्ये शिरायचे आणि परत यायचे. अख्खं ऑफिस त्यांना अण्णा म्हणायचं, एक रंगनाथ सर सोडून. सर म्हणायचे ‘मिस्टर मोहिते’. तिसरा साने, पुण्याहून नुकताच आलेला, प्रत्येक वाक्यात एक तरी ‘बेसिकली’. आणि चौथी मी, नागपूरची देवधर.

मी स्वभावानेच संशयी. भाजीवाल्याचा काटा मी अजून दोन्ही बाजूंनी बघते. या नोकरीने त्या स्वभावाला पगार दिला, एवढंच.

*

आमच्या चित्रांतले रंग खोटे असत. चोरून नव्हे, उघडपणे. त्यांचं नावच ‘फॉल्स कलर’. झाडं लाल दिसायची. स्वच्छ, खोल पाणी काळं दिसायचं. आणि पाण्यात काही मिसळलेलं असलं की ते फिकट निळं, दुधाळ, एखाद्या साडीच्या रंगासारखं सुरेख दिसायचं. म्हणजे आमच्याकडे जे सुंदर दिसेल त्यावर पहिला संशय.

एकदा दिल्लीहून एक बडे साहेब आले. भिंतीवर आमच्या नदीचं मोठं चित्र लावलं होतं. नदीचं नाव सांगत नाही. कारखान्याचे वकील अजून ठणठणीत आहेत. वरच्या अंगाला नदी काळी कुळकुळीत होती, आणि कारखान्याच्या पाइपापासून खाली एक फिकट निळी रेघ, धरणाच्या डोहापर्यंत. साहेबांनी काळ्या भागावर बोट ठेवलं आणि चेहरा कसनुसा केला.

“शॉकिंग,” ते म्हणाले. मग बोट खाली नेलं. “पण निसर्गाची कमाल बघा. इथून पाणी कसं आपोआप शुद्ध होत जातं.”

सान्याने तोंड उघडलं होतं, पण सरांनी त्याच्याकडे बघून ते बंद करवलं.

“हो सर,” रंगनाथ सर अदबीने म्हणाले. “शुद्धीकरण बरोबर कारखान्याच्या पाइपापाशीच सुरू होतं.”

साहेब फार खूश झाले. आमच्या प्रकल्पाला आणखी एक वर्ष मिळालं.

*

सान्याला नदीकाठी एक पिवळा डाग सापडला. आधी लहान, पुढच्या चित्रात मोठा, त्यापुढच्या चित्रात दोन. पाण्याला अगदी चिकटून. सान्याने तीन दिवस कोणाला पत्ता लागू दिला नाही. चौथ्या दिवशी दार लावून घेऊन मला म्हणाला, “मॅडम, बेसिकली हा गंधकाचा ढीग आहे. एवढा पिवळा दुसरं काय असणार? कुणीतरी पावसाळ्याची वाट बघतंय. पाऊस आला की सगळं नदीत ढकलून देणार.”

आता, गंधक पिवळा म्हणून खोट्या रंगांच्या चित्रातही पिवळाच दिसेल, हे म्हणणं म्हणजे नाटकात राजा झालेल्या माणसाकडे कर भरायला जाण्यासारखं होतं. पण मलाही तो ढीग संशयास्पद वाटला, हे खरं. एवढी जागा, एवढ्या लवकर, आणि कुठे बोभाटा नाही.

आम्ही जीप काढून गेलो. साने नाकाला ओला रुमाल बांधून, हातात काचेची बरणी घेऊन पुढे. शेताच्या कडेला पोचतो न पोचतो तोच त्याला पहिली शिंक आली. मग मला. मग ड्रायव्हरला. समोर एकरच्या एकर लाल मिरची वाळत घातली होती. आमच्या चित्रात लाल मिरची पिवळी दिसते, हे शास्त्राला त्या दिवशी कळलं.

साने दोन दिवस शिंकत होता. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याने शिंकत शिंकतच रिपोर्ट सादर केला. सर शांतपणे ऐकत होते.

“रसायन आहे, मिस्टर साने, यात शंका नाही,” शेवटी ते म्हणाले. “फक्त ते नदीत टाकत नाहीत. सांबारात टाकतात.”

*

तेव्हापासून सरांनी नियम केला: नदीवर स्वतः उभं राहिल्याशिवाय कुठल्याही चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. तसा तो नियम आधीही होता, पण आता त्याला मिरचीचा आधार मिळाला. फिकट पाणी म्हणजे रसायन असेलच असं नाही. नुसता गाळही तसाच दिसतो. म्हणून उपग्रह डोक्यावरून जाताना, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास, आम्ही नावेत बसून बाटल्या भरायच्या. चित्र आणि बाटली एकाच वेळची असतील तरच कोर्टात टिकणार.

उपग्रह कधी जाणार हे काही गुपित नव्हतं. तेव्हा आपले दोन फिरत होते, पाळीपाळीने दर दीडेक आठवड्याने एक जायचा. पण त्यातल्या कुठल्या फेरीला आपण नदीवर जायचं, हे फक्त सर ठरवायचे आणि आम्हाला सांगायचे.

मुक्काम नदीकाठच्या सरकारी बंगल्यावर. तिथल्या वॉचमनला ऑम्लेटपलीकडे काही येत नव्हतं, आणि सरांना कांदा-लसूणसुद्धा चालत नसे. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी सर जयनगरच्या एसटीडी बूथवरून जातीने फोन करत: “उद्या येतोय. जेवण नेहमीसारखं.” मग वॉचमन सायकलवर टांग मारून कारखान्याच्या कॉलनीत जाई आणि तिथल्या देवळात नैवेद्य करणाऱ्या भट्टरूंना बोलावून आणी. भट्टरू म्हणजे स्वयंपाकी. पण काय हात होता! त्यांच्या हातचं सारू, म्हणजे आपलं सार, प्यायल्यावर मी दोन मिनिटं कुणावरच संशय घेत नसे.

सान्याला मात्र कांद्याशिवाय घास उतरेना. एका खेपेला तो शर्टाच्या खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कांदा घेऊन पंगतीला बसला. भट्टरू भात वाढत वाढत आले आणि सान्यापासून दोन पावलांवर थबकले. पातेलं खाली ठेवलं.

“इथं कुणाकडे तरी आहे,” ते कन्नडमध्ये म्हणाले. “ते जाईपर्यंत मी वाढणार नाही.”

सरांनी सगळ्यांना खिसे रिकामे करायला लावले. सान्याचा कांदा घरंगळत जाऊन सरांच्या पानापाशी थांबला. सरांनी पाय आखडून घेतले, आणि वॉचमनने तो बाहेर नेईपर्यंत श्वास घेतला नसावा.

“मिस्टर साने,” मग ते म्हणाले, “आपण नदीत काय मिसळलंय ते शोधायला दोन उपग्रह लावलेत. या गृहस्थांना नुसत्या नाकाने जमतं.”

अण्णा या पंगतीत कधी बसत नसत. काठाचे फोटो काढायला ते दर खेपेला यायचे, पण डबा शिवाजीनगरहून घरचा: ज्वारीची भाकरी आणि झुणका. लांब चिंचेखाली, वारा सरांकडे जाणार नाही अशा बेताने बसायचे, आणि कांदा दगडावर ठेवून मुठीने फोडायचे. एकाच बुक्कीत. तो आवाज आला की सर पंगतीतून म्हणत, “मिस्टर मोहित्यांचं जेवण सुरू झालं.”

*

परतीच्या वाटेवर एकदा पोलिसांनी नाक्यावर जीप अडवली. निवडणुका जवळ आल्या होत्या. मागे खोक्यात पन्नासेक बाटल्या, सगळ्या बुचं लावून सील केलेल्या.

“काय आहे?” हवालदाराने विचारलं.

“पाणी,” साने म्हणाला.

“कुठं नेताय?”

“बंगळूरला.”

हवालदाराने एक बाटली उन्हात धरून बघितली, हुंगली. वास नाही म्हटल्यावर तर त्याचा संशय पक्काच झाला. नदीवरून बंगळूरला कुणी बाटल्या भरून, सील करून पाणी नेतं, यावर मी तरी कुठे विश्वास ठेवला असता?

“पाणी आहे ना? मग पिऊन दाखव,” तो सान्याला म्हणाला.

सान्याचा चेहरा पडला. ज्या नदीवर आपण दोन वर्षं रसायनाचा आरोप करतोय तिचं पाणी प्यायचं? तो ‘बेसिकली’ म्हणाला आणि तिथेच अडकला. हवालदाराने शिट्टी तोंडात धरली.

तेवढ्यात अण्णा जीपमधून उतरले, एक बाटली उघडली, उभ्या उभ्या अर्धी प्यायले आणि हवालदारापुढे धरली. “स्वल्प घ्या की तुम्हीपण. गार आहे.”

आम्हाला सोडलं. सगळे हसत होतो. बंगळूर जवळ आलं तसा सान्याचा आवाज बारीक झाला. मागच्या सीटवरून माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मॅडम, ते पाणी आज स्वच्छ आहे, हे अण्णांना कसं माहीत होतं?”

मी अण्णांना तिथेच विचारलं, की धास्ती वाटली नाही का.

“तहान लागली होती की, अक्का,” अण्णा म्हणाले.

*

सान्याच्या प्रश्नात तथ्य होतं, हीच अडचण होती. आम्ही जेव्हा जेव्हा नदीवर गेलो तेव्हा पाणी स्वच्छ निघालं. चित्रातही स्वच्छ, बाटलीतही स्वच्छ. आणि आम्ही गेलो नाही त्या फेऱ्यांच्या चित्रात पाइपापासून डोहापर्यंत ती सुरेख निळी रेघ. खालच्या गावातले लोक सांगत होते की विहिरींचं पाणी कडू झालंय, गुरं तोंड लावत नाहीत. पण आम्ही दिसलो की नदी शहाण्या मुलीसारखी वागायची.

याचा अर्थ एकच. आम्ही कधी येणार ते कारखान्याला आधीच कळत होतं. आणि ट्रिपची तारीख चार माणसांनाच माहीत असायची.

त्यानंतरचे दिवस माझ्यासारखीलाही जड गेले. सान्याला अण्णांचा संशय. ड्रायव्हरला सान्याचा, कारण साने रोज दुपारी बाहेर जाऊन फोन करायचा. तो पुण्याला एका मुलीला फोन करत होता, हे पुढे लग्नपत्रिका आल्यावर कळलं. मला ड्रायव्हरचा, पण त्याला निघायच्या सकाळीच तारीख कळायची, तेव्हा तो सुटला. मग मी स्वतःचाही संशय घेऊन पाहिला. शेजारणीला काही बोलले का? झोपेत बोलते का? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “झोपेतही तू फक्त प्रश्न विचारतेस.”

आम्ही तिघं मराठीत बोलत उभे असलो आणि सर आले की चटकन विषय बदलायचो. एकदा सर थांबले.

“मी आलो की तुम्ही लोक हवामानावर बोलायला लागता,” ते इंग्रजीत म्हणाले. “इतक्या वेळात तीन वेळा पाऊस पडला असता.”

आणि मग कुणीतरी सरांच्या कानावर घातलं, की अण्णांचा जावई त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. कुणी घातलं ते मला आजही माहीत नाही. संशय आहे.

*

सरांनी अण्णांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो लॅबची किल्ली मागून घेतली.

अण्णांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. आता रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून लॅबच्या बंद दारासमोर उभे राहायचे, साने सरांकडून किल्ली घेऊन येईपर्यंत. मग आत साने पाठीशी उभा, आणि अण्णा लाल दिव्याखाली काम करताहेत. कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसेना. मला ते बघवत नसे. मी बसायला लागले, तर दोन दिवसांत माझ्याबद्दलही कुजबुज सुरू झाली.

“जावई आहे तो माझा, खरं,” अण्णा एकदा चहा पिताना म्हणाले. “पण त्याच्याशी मी नदीवर कधी बोललो न्हाई. त्याच्या पोटावर पाय येईल म्हणून त्यानं विचारलं न्हाई, माझ्या नोकरीवर येईल म्हणून मी सांगितलं न्हाई. सणाला येतो, आम्ही क्रिकेटवर बोलतो.”

“हे सरांना सांगा की,” मी म्हटलं.

“विचारल्याशिवाय सांगायला लागलं की माणूस चोर दिसतो, अक्का. सगळी नोकरी अंधाऱ्या खोलीत गेली माझी. एका प्रिंटवर डाग पडू दिला न्हाई. आता जाता जाता नावावर घेऊन जायचा काय?”

त्यांनी बशी खाली ठेवली आणि घड्याळ बघितलं. साने किल्ली घेऊन यायची वेळ झाली होती.

*

सरांनी मग सापळा लावला. आम्हाला ते नंतर कळलं. त्यांनी अण्णांना एकट्याला बोलावून एका फेरीची तारीख सांगितली: या दिवशी नदीवर जायचंय, कुणाला बोलू नका. सान्याला त्यापुढच्या फेरीची. मला त्याच्याही पुढची. आणि प्रत्येक वेळी आयत्या वेळी बेत रद्द केला. ज्याच्या तारखेला रेघ गायब, तो चोर. चौथ्या फेरीला सर कुणालाच न सांगता एकटे गेले. जीपसुद्धा घेतली नाही. बाटल्यांची पिशवी मांडीवर धरून सरकारी बसने.

त्या काळी उपग्रहाची टेप हैदराबादहून यायला वेळ लागायचा. चारही फेऱ्यांची चित्रं एकदमच हाती आली. ती अण्णांनीच छापली, साने मागे उभा असताना. सरांनी आम्हा तिघांना खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सापळ्याची हकिकत सांगितली. मग अण्णांना म्हणाले, “मिस्टर मोहिते, मांडा.”

अण्णांनी पहिलं चित्र टेबलावर ठेवलं. ही त्यांची तारीख. पाइपापासून डोहापर्यंत निळी रेघ. कारखाना बेफिकीर.

दुसरं सान्याच्या तारखेचं. रेघ.

तिसरं माझ्या तारखेचं. रेघ. मी श्वास सोडला, आणि आपण तो इतका वेळ का धरला होता याचा मलाच राग आला.

चौथं चित्र ठेवताना अण्णांचा हात जरा थांबला. त्यांनी ते आधीच बघितलं होतं. नदी वरपासून खालपर्यंत काळी, स्वच्छ. सरांच्या बाटल्याही स्वच्छच निघाल्या होत्या. त्या फेरीची तारीख पृथ्वीवर एका माणसाला माहीत होती आणि तो माणूस टेबलाच्या डोक्याशी बसला होता.

साने छताकडे बघत होता. सरांनी चष्मा काढून पुसला, घातला, चौथं चित्र जवळ ओढलं. ते खरोखर गोंधळले होते. “मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं,” ते स्वतःशीच म्हणाले.

माझ्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. एकटा माणूस, बसने गेला, रात्रभर राहिला. ऑम्लेट खात नाही, हॉटेलात पाणीसुद्धा पीत नाही. बायकांना सुचायचं तेच मला सुचलं.

“सर,” मी विचारलं, “त्या दिवशी तुम्ही जेवलात कुठं?”

“बंगल्यावर.”

“भट्टरू आले होते?”

“आले की. कारखान्याच्या कॉलनीतून. मी आदल्या दिवशी फोन...”

सर तिथे थांबले. बराच वेळ त्यांचं बोट त्या काळ्या नदीवर होतं. मग त्यांनी खिशातून लॅबची किल्ली काढली, चौथ्या चित्रावर ठेवली आणि खोलीतून निघून गेले.

अण्णांनी किल्ली उचलायच्या आधी चित्राचा कोपरा पुसला, किल्लीचा ओरखडा पडला नाही ना ते बघितलं. मग किल्ली उचलली.

*

पुढच्या फेरीला आम्ही चौघंही गेलो. फोन केला नाही. बंगल्यावर उतरलो नाही. ड्रायव्हरला दिशा सांगितली ती शहर सोडल्यावर. आज भट्टरू नव्हते, तरी पहाटे निघालो तेव्हा सरांच्या हातात डब्याची पिशवी नव्हती. मी विचारलं, वहिनींनी डबा दिला नाही का. सर म्हणाले, “नको म्हणालो.”

डोहापाशी पोचलो. त्या नदीचा खरा रंग आम्ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होतो. पाइपातून दुधट, फेसाळ पाणी धो धो पडत होतं. साडेदहाला आम्ही नावेत होतो. साने बाटल्या भरत होता. अण्णा काठाचे फोटो काढत होते. वर आभाळ निरभ्र. पलीकडच्या काठावर कारखान्याचा एक माणूस आला, आम्हाला बघितलं आणि पळत सुटला. थोड्या वेळाने पाइप बंद झाला, पण आमच्या बाटल्या भरल्या होत्या.

काम आटोपलं तेव्हा ऊन चढलं होतं. सान्याने आणि मी बिस्किटांचे पुडे काढले. अण्णा नेहमीसारखे डबा घेऊन लांब चिंचेखाली गेले, वारा कुठून येतोय ते बघून बसले, भाकरी सोडली.

सर थोडा वेळ काठावर उभे होते. मग चालत चिंचेखाली गेले. अण्णा गडबडीने उठायला लागले, कांदा रुमालाखाली सारला. सरांनी हाताने त्यांना बसवलं आणि समोर मातीवर मांडी घातली. पँटची इस्त्री मोडली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“अण्णा,” सर कन्नडमध्ये म्हणाले. “स्वल्प झुणका हाकी.” थोडा झुणका वाढा.

अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग अर्धी भाकरी मोडली, वर झुणका घातला आणि दिली. सरांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाने असेल. मी लांब होते, आणि तसंही मी कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्यावर सहसा विश्वास ठेवत नाही.

मग सरांनी रुमाल बाजूला केला, कांदा उचलला, दगडावर ठेवला आणि त्यावर मूठ मारली. फुटला नाही.

“अजून एक, सर,” अण्णा म्हणाले. “जरा नेटानं.”